तुमचं अ‍ॅप मराठी 'वाचतं' का?

फोनची भाषा 'मराठी' करून बघितलीय कधी? नाही ना! आपण सगळे इंग्लिशवरच खूश. पण एकदा ते सेटिंग बदललं की आत बरंच काही हलतं, बॉस!

प्रोग्रॅमरच्या जगात आपली ओळख चार अक्षरांची : एमआर-आयएन. एमआर म्हणजे मराठी, आयएन म्हणजे इंडिया. यालाच म्हणायचं 'लोकॅल'. तारीख कशी लिहायची, स्वल्पविराम कुठे द्यायचा, नावं कोणत्या क्रमाने लावायची, हे सगळं यावरून ठरतं. हे नियम युनिकोडच्या 'सीएलडीआर' नावाच्या कोठारात असतात आणि फोन-ब्राउझर तिथूनच ते उचलतात.

गंमत म्हणजे, या कोठारात हिंदीचे आकडे इंग्रजी वळणाचे आणि मराठीचे मात्र अस्सल देवनागरी! जावास्क्रिप्टला बारा लाखांची रक्कम मराठीत मांडायला सांगा, '१२,३४,५६७' असं झक्कास उत्तर येतं.

माझा एक मित्र गंगापूरच्या कृषी सेवा केंद्रांसाठी बिलाचं सॉफ्टवेअर लिहितो. त्याचं म्हणणं, बियाणं-खताचं बिल मराठी आकड्यांत हातात पडलं की गिऱ्हाईक तिथेच उभं राहून बेरीज तपासतं. कुणाला विचारायची गरज नाही. पण लोचा पुढेच आहे. तेच '१२' जावास्क्रिप्टला नंबर म्हणून वाचायला दिलं, तर ते सरळ सांगतं, हा नंबरच नाही! पायथॉन मात्र मुकाट्याने बारा वाचतं. म्हणून मित्राचा फंडा क्लिअर आहे : हिशेब आत साध्या संख्येत ठेवायचा, मराठी रूप फक्त दाखवताना द्यायचं. आणि कुणी १२ टाईप केलंच, तर ते आधी बदलून घ्यायचं.

दुसरी गोची यादीची. शाळेत आपण ह, ळ, क्ष, ज्ञ असं घोकलं. युनिकोडच्या नंबरांत मात्र 'ळ' हा 'ल'च्या शेजारी बसतो आणि 'ज्ञ' म्हणजे 'ज' अधिक 'ञ'. त्यामुळे नुसत्या नंबरांवर यादी लावली की ज्ञानेश्वर जोशींच्या मागे येऊन उभा! मराठीचे सॉर्टिंगचे नियम लावावे लागतात, तेव्हा कुठे तो आपल्या जागी जातो.

सो, आयटीवाल्यांनो, पुढच्या वेळी 'अ‍ॅप मराठीत आणलं' म्हणून पार्टी मागण्याआधी दोनच गोष्टी करा. रकमेच्या चौकटीत '१२' टाईप करा आणि यादीत ज्ञानेश्वरला शोधा. दोन्ही जमलं, तर पार्टी आमच्याकडून!