कृषिप्रधान देशाची दीड पाने

शोधनिबंधाची प्रस्तावना व्याख्येपासून सुरू करावी, पार्श्वभूमी भरपूर द्यावी, संदर्भांची रेलचेल असावी आणि निष्कर्षाचा वासही लागू देऊ नये, असा उपदेश एका ज्येष्ठ मार्गदर्शकांनी नुकताच एका कार्यशाळेत केला. समोरची मुले खाली मान घालून तो उतरवून घेत होती.

या उपदेशाला येणारे फळ पाहा. विषय शिरोळ तालुक्यातल्या क्षारपड जमिनीचा. पहिले वाक्य : भारत हा कृषिप्रधान देश आहे. दुसरे : शेती हा अर्थव्यवस्थेचा कणा आहे. मग सिंधू संस्कृती, हरितक्रांती, लोकसंख्यावाढ, मातीची व्याख्या. दीड पान संपले तरी शिरोळ येत नाही. हे वाचायचे कोणी? असला निबंध उघडणाऱ्याला माती म्हणजे काय हे ठाऊकच असते. नसेल तर पुढचे काही त्याला कळायचे नाही. शिवाय उद्या कांद्याच्या भावावर लिहायचे झाले, तर हेच दीड पान उचलून तिथे चिकटवावे, कुठे खटकणार नाही. खरे तर प्रश्न काय आहे हे लिहिणाऱ्यालाच सापडलेले नसते. तो सापडेपर्यंत हात चालू ठेवायला कृषिप्रधान देश बरा पडतो, आणि मार्गदर्शक त्याला व्यासंग म्हणतात.

आइन्स्टाइनने १९०५ च्या विद्युतगतिकीवरच्या निबंधात विजेचा इतिहास सांगितला नाही. चुंबक हलवा की तार हलवा, प्रवाह तोच. मग सिद्धान्त दोन वेगळी कारणे का देतो? सुरुवातच तिथून. बहुधा त्याला कार्यशाळा मिळाली नसावी.

संदर्भांची रेलचेल? न वाचलेले संदर्भ मोजून विद्वत्ता वाढत नाही. निष्कर्ष लपवणे? ते रहस्यकथाकारांनी करावे. वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ मध्ये डीएनएची रचना सुचवतो आहोत हे पहिल्याच वाक्यात सांगितले, आणि लगेच पॉलिंग व कोरी यांच्या तीन साखळ्यांच्या रचनेत काय चुकते ते दाखवले. सगळा निबंध पानभराचा.

  

मग करायचे काय? भाषातज्ज्ञ जॉन स्वेल्स यांनी १९९० च्या पुस्तकात प्रस्तावनेच्या तीन चाली दाखवल्या आहेत : क्षेत्र दाखवा, त्यातली मोकळी जागा दाखवा, ती आपण कशी भरतो ते सांगा. शिरोळपुरते बोलायचे तर : पाण्याच्या अतिवापराने उसाच्या जमिनी खारावल्या, भूमिगत निचऱ्याचे पाइप घातले, तरी काही शेतांतला खार का हटत नाही, ते आम्ही तपासले. पुढच्या वाक्यात सापडलेले उत्तर. ही वाक्ये पहिल्या खर्ड्यात जमत नाहीत, निष्कर्ष हाती आल्यावर पुन्हा लिहावी लागतात. मार्गदर्शकांच्या पद्धतीत तेवढी खटपट वाचते, हे मात्र मान्य.