शत्रूचा शिक्का, व्यापाराचा हिशेब

कुंभकोणमजवळच्या आडुतुरैची ओळख आज तेथील भात संशोधन केंद्रामुळे आहे. तेथून पूर्वेला मयिलादुतुरैमार्गे समुद्र गाठला की तरंगमबाडी लागते. तंजावरच्या रघुनाथ नायकाने 1620 मध्ये हे बंदर डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना दिले. पुढे तंजावरच्या मराठी राजवटीतही ते तेथे टिकून राहिले. सरफोजीराजांचे गुरू श्वार्ट्झ 1750 मध्ये याच बंदरात उतरले होते. युद्धकाळात व्यापारी ‘शत्रू’ कसा ठरतो, याचा धडा या लहानशा बंदरात मिळतो.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज आणि फ्रेंच लढत असताना डेन्मार्क तटस्थ होता. तटस्थ निशाणाखालच्या जहाजांवर माल सुरक्षित जाई, म्हणून डेनिश व्यापाराची भरभराट झाली. गंमत अशी, की ईस्ट इंडिया कंपनीचेच नोकर आपली खासगी कमाई याच मार्गाने युरोपात पाठवीत. कंपनीच्या मक्तेदारीला हे छिद्र कंपनीच्याच घरातून पडले होते.

ते बुजविण्याचे निमित्त युद्धाने दिले. 1801 मध्ये तरंगमबाडी काही काळ ताब्यात घेऊन परत करण्यात आली. 1807 मध्ये ब्रिटिशांनी कोपनहेगनवर तोफा डागल्या आणि 1808 मध्ये हे बंदर पुन्हा घेतले. 1815 मध्ये ते परत मिळाले, पण गेलेला व्यापार परतला नाही. अखेर 1845 मध्ये डेन्मार्कने तरंगमबाडी आणि बंगालमधील श्रीरामपूर साडेबारा लाख रुपयांना कंपनीला विकून टाकले.

शतकानंतर हाच डाव मोठ्या पटावर खेळला गेला. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतातील कच्च्या कातड्याच्या निर्यातीवर जर्मन पेढ्यांचा मोठा पगडा होता. युद्ध सुरू होताच त्यांचे व्यवहार थांबविण्यात आले आणि जर्मन व ऑस्ट्रियन नागरिकांना अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. इथवर युद्धाची गरज म्हणता येईल. परंतु लढाई संपल्यावर, 1919 मध्ये, कच्च्या कातड्यावर 15 टक्के निर्यात कर बसविला गेला आणि साम्राज्यात कमावल्या जाणाऱ्या मालाला त्यातील दोनतृतीयांश सूट मिळाली. शत्रू हरला होता. प्रतिस्पर्ध्याला मात्र परत येऊ द्यायचे नव्हते. 1923 मध्ये ही सवलत रद्द झाली.

हा इतिहास राजधानीत आठवण्याचे कारण शत्रू मालमत्ता कायदा. 1968 च्या या कायद्यात 2016 मध्ये पाच वेळा अध्यादेश काढून आणि मार्च 2017 मध्ये संसदेच्या मंजुरीने दुरुस्ती झाली. राज्यसभेत ती विरोधकांच्या सभात्यागानंतर संमत झाली. भारतीय नागरिक असलेले वारसही आता ‘शत्रू’च्या व्याख्येत येतात, आणि दिवाणी न्यायालयांची दारे बंद होऊन उच्च न्यायालयातील अपिलाची वाट तेवढी उरली आहे. पाकिस्तानने आपल्याकडील अशा मालमत्ता केव्हाच विकल्या, हे सरकारचे म्हणणे बिनबुडाचे नाही. पण शेजाऱ्याचा अन्याय हा आपल्या नागरिकाविरुद्धचा पुरावा ठरत नाही.

युद्धात कठोर कायदे लागतात, हे मान्य. परंतु अशा कायद्याला मुदत असावी, त्याचा संसदेत ठराविक काळाने आढावा व्हावा आणि ज्याच्यावर शिक्का बसतो त्याला न्यायालयात सुनावणी मिळावी. वसाहतीच्या सरकारवर असे बंधन नव्हते, कारण ते प्रजेला उत्तरदायी नव्हते. प्रजासत्ताकाला ही सबब सांगता येणार नाही.