भूतदयेचा हिशेब

कुत्र्याने भाकरी पळवली. त्याने ती कोरडी खाऊ नये म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. एकनाथांनी गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या मुखी रिकामी केली. मराठी मनातील भूतदया या दोन कथांनी घडवली आहे. मात्र दोन्ही कथांत प्राणी एकच आहे आणि प्रसंगही एकदाच घडतो. रंकाळ्याच्या काठी कुत्र्यांना बिस्किटे घालणाऱ्यांची दयाही बहुधा तेथेच थांबते.

२०२५ साली याच कोल्हापुरात कुत्रा चावलेली एक तरुणी लस घेऊनही रेबीजने दगावली. अशा वेळी ‘कुत्री हटवा’ ही मागणी स्वाभाविक असते. पण ती फोल ठरते. उकिरडा तसाच राहिला, तर रिकाम्या झालेल्या जागी दुसरी कुत्री येतात. म्हणूनच २००१ च्या आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या केंद्रीय नियमांनी धरणे, निर्बीजीकरण करणे, लस टोचणे आणि मूळ जागी परत सोडणे हा क्रम घालून दिला. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके आदी आवारांपुरता त्याला अपवाद केला. त्या कुत्र्यांसाठी निवारे उभारणे ओघानेच आले.

हे काम अर्धवट केले तर व्यर्थ जाते. रेबीजची साखळी तोडण्यासाठी सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस द्यावी लागते, आणि तीही पुनःपुन्हा. गोव्यात २०१४ पासून हे चिकाटीने झाले. २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित घोषित झाले.

येथेच ‘मोफत’ या शब्दाचे महत्त्व कळते. रस्त्यावरच्या कुत्रीला पैसे देणारा धनी नसतो. झोपडीतल्या पाळीव कुत्रीच्या धन्याला शस्त्रक्रियेचा खर्च झेपत नाही, आणि तिची पिले अखेर रस्त्यावरच येतात. तेव्हा मोफत उपचार व निर्बीजीकरण म्हणजे प्राणिमित्रांच्या हौसेला दिलेली देणगी नव्हे. सांडपाण्याच्या व्यवस्थेसारखाच तो नगराचा नित्य खर्च आहे, आणि अंदाजपत्रकात तो तसाच दिसला पाहिजे.

आपण या जनावरांना ‘बेवारस’ म्हणतो. या शब्दाने आपली सुटका होत नाही. ज्याला वारस नाही त्याचा भार नगरावर येतो, एवढाच त्याचा अर्थ. नामदेवांच्या वाटीइतकीच आज जाळी, सुई आणि दरवर्षीची नोंदवही यांचीही गरज आहे. त्यांवर कोणी अभंग रचणार नाही. तरीही ती भूतदयाच आहे.