भिशीचा नंबर आणि भिलाईच्या मुली

भिशी काय असते हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. दहा-बारा जणी दरमहा ठरलेली रक्कम काढतात, चिठ्ठी टाकतात आणि जिचं नाव निघेल ती त्या महिन्याची सगळी रक्कम घेऊन घरी जाते. रायपूरच्या समता कॉलोनीत तिला 'बीसी' म्हणतात, इतकाच फरक. खरी गंमत असते ती अदलाबदलीत. कुणाकडे लग्न निघतं, कुणाच्या मुलाची फी भरायची असते. मग 'या महिन्याचा नंबर मला दे, माझा पुढचा तू घे' असा सौदा होतो. नंबर म्हणजे हातातला पैसा नव्हे, पण त्याला भाव असतो. आणि ज्याला घाई, त्याला तो भाव नीट करता येत नाही.

अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये अशाच नंबरांचा बाजार भरतो. पहाटे उठून हे सामने बघणारी मुलं हल्ली बऱ्याच घरांत आहेत. आपल्या आवडत्या संघाने चांगला खेळाडू देऊन टाकला तरी चिरंजीव खूश कसे, हे आईबापांना कळत नाही. गोष्ट सोपी आहे. तिथे दरवर्षी नव्या खेळाडूंची निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. ३० संघ, दोन फेऱ्या. जो संघ मागे पडला, त्याला वरचा नंबर मिळण्याची संधी जास्त. दुबळ्याला बळ मिळावं हा हेतू. हे नंबर दुसऱ्या संघाला देता येतात, तेही पुढच्या सात वर्षांपर्यंतचे. म्हणजे आज सहावी-सातवीत असलेल्या मुलाचा सौदा आजच होऊन जातो!

१९८० साली टेड स्टेपियन नावाच्या उद्योजकाने क्लीव्हलँडचा संघ घेतला. त्यांना सगळं लगेच हवं होतं. बेताच्या खेळाडूंसाठी त्यांनी पुढच्या वर्षांचे नंबर भराभर वाटून टाकले. १९८१-८२ च्या मोसमात संघाने ८२ पैकी फक्त १५ सामने जिंकले. एवढी वाईट अवस्था झाल्यावर वरचा नंबर तरी हाती असावा, तर तो आधीच लॉस एंजेलिसच्या लेकर्सकडे गेलेला. त्याच वर्षी विजेते ठरलेल्या लेकर्सना पहिला नंबर मिळाला आणि त्यावर त्यांनी जेम्स वर्दी हा हिरा उचलला. शेवटी लीगनेच नियम केला की पुढच्या लागोपाठ दोन वर्षांत पहिल्या फेरीच्या नंबराशिवाय कुठलाही संघ राहता कामा नये. शहाण्यासुरत्या माणसांनाही स्वतःच्या उतावळेपणापासून वाचवावं लागतं, ते असं.

तरी मोह सुटत नाही. २०१३ मध्ये ब्रुकलिनने पस्तिशी गाठलेले दोन नामवंत खेळाडू बोस्टनकडून घेतले आणि बदल्यात पुढचे नंबर मोजून दिले. दोन वर्षांच्या आत दोघेही ब्रुकलिनमधून गेले. बोस्टनने मात्र त्या नंबरांतून जेलन ब्राऊन आणि जेसन टेटम मिळवले, वाढवले आणि २०२४ मध्ये अजिंक्यपद जिंकलं. ओक्लाहोमा सिटीने २०१९ मध्ये पॉल जॉर्ज हा आपला मोठा खेळाडू देऊन एक होतकरू पोरगा आणि पहिल्या फेरीचे पाच नंबर घेतले. पुढे दोन मोसम संघ सपाटून हरला, प्रेक्षकांनी निमूट सोसलं. तो पोरगा शाई गिल्जस-अलेक्झांडर २०२५ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि संघ विजेता. ज्याने बियाणं राखलं, त्याला पीक मिळालं.

आता समता कॉलोनीपासून तीसेक किलोमीटरवरच्या भिलाईला चला. तिथे पोलाद कारखान्याच्या आधाराने राजेश पटेल या प्रशिक्षकांनी मुलींचं बास्केटबॉल उभं केलं. छत्तीसगडचं राज्य २००० साली झालं आणि या राज्याच्या मुली देशातल्या बलाढ्य संघांना घाम फोडू लागल्या. अंजू लाकरा, सीमा सिंग भारताकडून खेळल्या. कानपूरची उंचच उंच पूनम चतुर्वेदी इथेच आली आणि घडली. पटेल सर २०१८ मध्ये गेले.

पण तयार झालेली मुलगी पुढे जाते कुठे? बहुतेक वेळा रेल्वेत. पूनमही पुढे रेल्वेकडून खेळली. आणि का जाऊ नये? खेळाच्या जोरावर मिळालेली पक्की नोकरी म्हणजे अनेक घरांत आलेला पहिला कायमचा पगार. तिला अडवणं पाप ठरेल. अमेरिकेच्या ड्राफ्टमध्ये तर नवख्या खेळाडूला कुणी विचारतही नाही; आपली मुलगी निदान स्वतः ठरवते.

सल आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. ओक्लाहोमाने खेळाडू दिला तेव्हा त्याला पाच नंबर मिळाले. मुलगी घडवून देणाऱ्या मैदानाला काय मिळतं? टाळ्या, हार आणि पुन्हा नव्या पोरींपासून श्रीगणेशा. दर महिन्याला हप्ता भरायचा आणि आपली चिठ्ठी कधी निघायचीच नाही, अशी ही भिशी.

यावर उपाय नाही असं नाही. जागतिक फुटबॉलमध्ये २००१ पासून नियम आहे: करार चालू असताना खेळाडू मोबदला देऊन दुसऱ्या क्लबने घेतला, तर त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांना वाटून मिळतात. आपल्याकडे रोकड नको. राष्ट्रीय खेळाडू नोकरीत घेणाऱ्या संस्थेने ती जिथे शिकली त्या मैदानाला दोन चांगले बोर्ड, पोरींचे बूट आणि एका प्रशिक्षकाचा वर्षाचा पगार द्यावा. मोठ्या संस्थांना हा खर्च जाणवणारही नाही, पण त्या मैदानावर पुढची मुलगी उभी राहील.

रोप दुसऱ्याच्या अंगणात फुललं तर वाईट वाटू नये. पण रोपवाटिकेला पाणी कोण घालतं, याची विचारपूस तरी त्या अंगणाने करावी.