वेताळाचा प्रश्न कोणी पळवला?

अतिमानुष प्रणयकथेविषयी आपल्याकडे दोनच सूर लागतात. पहिला विद्यापीठीय: ही बाजारू, रंजनपर निर्मिती आहे, तिचा वाङ्मयीन विचार करण्याचे कारण नाही. दुसरा उत्साही लोकसाहित्यप्रेमींचा: लोककथेतील पात्रे आधुनिक जगात अवतरली, तरुणांना परंपरा कळली, तेव्हा हे पुनरुज्जीवनच होय. हे दोन्ही सूर एकाच आळसातून निघतात, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे. कोणते पात्र आले एवढेच दोघे पाहतात. ते पात्र येताना काय मागे ठेवून आले, हे कोणी विचारीत नाही.

वेताळाचेच पाहू. २०२५ च्या दिवाळीत आदित्य सरपोतदार या मराठी दिग्दर्शकाचा ‘थामा’ हा हिंदी चित्रपट आला. त्यात पत्रकार नायकाचे बेताळकुळातील नायिकेशी प्रेम जमते, कुळाचे कडक नियम मोडले जातात आणि नायक स्वतःच बेताळ होतो. चित्रपटाची चर्चा वाङ्मयीन नियतकालिकात कशाला, असे विचारणारे निघतील. त्यांनी एवढेच आठवावे की सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘वेताळपंचविशी’ १८३० साली मराठीत छापली गेली. मराठी मुद्रित गद्याच्या पहिल्या पावलांतले हे एक पाऊल. एवढे जुने आणि घरचे पात्र आम्ही पुढे कोणाच्या हवाली केले? ‘चांदोबा’च्या, १९८५ च्या दूरदर्शन मालिकेच्या, आणि ली फॉकच्या ‘फँटम’ला ‘वेताळ’ म्हणून बाजारात आणणाऱ्या चित्रकथांच्या. प्रौढ मराठी वाङ्मयाने त्याला बालवाङ्मयाच्या खुंटीवर टांगून ठेवले, आणि आता दुसऱ्याने तो उचलून नेला म्हणून नाके मुरडायची!

प्रेमकथेत ओढल्यामुळे वेताळ बाटला, हा आक्षेप तर मुळातच फोल आहे. सोमदेवाच्या अकराव्या शतकातील ‘कथासरित्सागरा’त वेताळ ज्या गोष्टी सांगतो त्यांतल्या कितीतरी प्रेमाच्या आणि विवाहाच्याच आहेत. मेलेल्या मुलीला तिघा प्रेमिकांपैकी एकाने जिवंत केले, एकाने तिच्या अस्थी नेल्या, एक तिच्या राखेवर झोपला. आता ती कोणाची? नवऱ्याचे आणि भावाचे मस्तक बाईच्या हातून चुकीच्या धडांवर बसले. आता नवरा कोणता? प्रेम तेथे आहे, अद्भुतही आहे. परंतु कथा प्रेमाच्या पूर्तीसाठी सांगितलेली नाही. ती प्रश्नासाठी सांगितलेली आहे. उत्तर ठाऊक असूनही राजा गप्प राहिला तर त्याच्या मस्तकाची शकले व्हायची, आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. वेताळ या पात्राचा सगळा जीव या पेचात आहे. उलटे लोंबकळणे, स्मशान, प्रेतात शिरणे हे सर्व त्या पेचाचे नेपथ्य होय.

या कथांतील राजाची उत्तरे बहुधा सनातनीच असतात, हेही लपवू नये. एका कथेत राजकन्येला चार वर्णांचे चार गुणी वर मागणी घालतात. राजा निर्णय देतो की ती क्षत्रियाची. शिरांच्या अदलाबदलीत तो म्हणतो, मस्तक श्रेष्ठ, म्हणून मस्तक ज्याचे तोच नवरा. परंतु प्रत्येक उत्तरानंतर वेताळ निसटतो. आणि अखेरची कथा पाहावी. बापाने मुलीशी आणि मुलाने तिच्या आईशी लग्न केले, तर त्यांच्या अपत्यांचे एकमेकांशी नाते काय? येथे राजाला उत्तर सापडत नाही, तो खरोखरीच गप्प राहतो, आणि त्या मौनावरच वेताळ प्रसन्न होतो. नातेव्यवस्थेच्या हिशेबातली न सुटणारी बाकी मान्य केल्यावरच राजाची सुटका आहे.

आधुनिकाने या परंपरेशी काय करावे, याचा वस्तुपाठ गिरीश कार्नाडांच्या ‘हयवदन’मध्ये आहे. शिरांच्या अदलाबदलीची कथा थॉमस मान यांनी १९४० मध्ये कादंबरिकेत घेतली, ती कार्नाडांनी उचलली, आणि चिं. त्र्यं. खानोलकरांच्या अनुवादातून हे नाटक मराठीत आले. कार्नाड राजाचे उत्तर मोडतात. मस्तक श्रेष्ठ ठरल्यावरही पद्मिनीची इच्छा शरीराकडे ओढ घेते, आणि निवाड्याने संपायला हवी होती ती कथा तेथून सुरू होते. प्रश्न जपायचा आणि उत्तर फोडायचे, ही पुनर्कथनाची खरी रीत.

नव्या प्रणयकथेने याच्या नेमके उलट केले. तिने उत्तर तयार ठेवले आणि प्रश्नच टाकून दिला. तिचा रूपबंध पंचविशीचा नाहीच. तो अठराव्या शतकातील फ्रेंच परीकथेतील सुंदरी आणि श्वापदाचा आहे. तेथे प्रेमामुळे श्वापदाचा माणूस होतो. ‘ट्वायलाइट’मध्ये (२००५) दिशा फिरली, पुढे मानवी नायिकाच रक्तपिपासू होते, ‘थामा’ने नायक-नायिकेची अदलाबदल केली. सूत्र कायम: प्रेमाने जात बदलते. ‘जात’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. बाहेरच्याशी संबंध नको म्हणणारे कुळ, नियम मोडणारी मुलगी, शिक्षा देणारे वडीलधारे: हे चित्र या देशात कोणाला ओळखू येणार नाही? परंतु बेताळ आणि माणूस अशी विभागणी केली की जातीचे नाव घेण्याची गरज उरत नाही. सोमदेव प्रतिगामी उत्तर देतो, पण वर्णाचे नाव घेऊन देतो. आमचे आधुनिक कथनकार पुरोगामी उत्तर देतात, आणि ज्या प्रश्नाचे ते उत्तर आहे तोच गाळतात.

सरपोतदारांच्याच ‘मुंज्या’चे (२०२४) उदाहरण मला अधिक अस्वस्थ करते, कारण तो अधिक चांगला चित्रपट आहे. कोकणचा परिसर, बोलण्याचा ढंग, विनोद यांत अस्सलपणा आहे. परंपरेतील मुंजा म्हणजे मुंज झाल्यावर, सोडमुंजीपूर्वी मेलेला ब्राह्मण मुलगा, पिंपळावर राहणारा. संस्कारांच्या एका पायरीवर चढवलेला आणि पुढच्या पायरीआधीच संपलेला हा जीव. त्याची लग्नाची आस हा विकार नव्हे. संस्कारव्यवस्थेने त्याच्या नावावर ठेवलेले ते येणे आहे. चित्रपटात मात्र हा मुलगा वयाने मोठ्या मुन्नीसाठी सख्ख्या बहिणीचा बळी द्यायला निघतो, त्या भरात मरतो, आणि पुढे तिच्याच वंशातील मुलीचा पिच्छा पुरवतो. मुलीच्या संमतीचा मुद्दा चित्रपट मांडतो, तो रास्तच आहे. पण त्यासाठी आरोपी कोण ठरला? मुंज लावणारे घर सुटले, मूल अडकले. एका रूढीविरुद्धचे आरोपपत्र त्याच रूढीच्या बळीवर बजावले गेले.

आणि याला सरसकट ‘मराठी लोकपरंपरा’ म्हणणाऱ्यांनी एकदा पुसदला यावे. येथे वर्गात बंजारा तांड्यांवरून, आंध वस्त्यांवरून मुले येतात. ज्यांच्या घरी मुंज लागत नाही त्यांच्या पिंपळावर मुंजा कोठून बसणार? चित्रपट पाहून त्यांना मुंज्या कळतो; परंतु तो कोणत्या घरातून निघाला हे चित्रपट सांगत नाही आणि आम्ही प्राध्यापकही सांगत नाही. त्यांच्या आजीच्या गोष्टींतली पात्रे या नव्या जगात यायची असतील तर ती गोरबोलीतून येतील, आणि त्यांचे प्रश्न निराळे असतील. तूर्त एका जातीचे भूत सर्वांचे म्हणून वाटले जात आहे. भुतांच्या बाबतीतही आम्ही प्रातिनिधिकतेचा विचार केलेला नाही!

सिंधुदुर्गात आरवलीच्या वेतोबाला आजही चामड्याच्या मोठ्या चपला वाहतात. तो रात्री गावाची राखण करीत फिरतो आणि चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. त्या वेताळावर कोणाला प्रेम करता येत नाही, त्याला जाब द्यावा लागतो. अळवंतीण अजून प्रणयकथेच्या तावडीत सापडलेली नाही. बाळंतपणात मेलेली ही बाई. तीही एक दिवस शहरातल्या एखाद्या सदनिकेत, मोकळ्या केसांची, देखणी नायिका होऊन येईल, आणि कोणी तरुण तिला प्रेमाने मुक्त करील. त्या वेळी आमच्या समीक्षकांनी छायाचित्रणाची तारीफ करण्याआधी एवढे तरी विचारावे, की ही बाई मेली तेव्हा सुईण किती कोसांवर होती.