खेळाडूंची बोली आणि सालेकशाची मुले

२०२५ च्या जून महिन्यात मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम सहा संघांनिशी पार पडला. चेन्नईचा संघ विजयी झाला. सात-सात गड्यांचा हा वेगवान खेळ आपल्याकडे व्यवसाय म्हणूनही खेळता येतो, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु तयार खेळाडूवर बोली लावणे सोपे. तो तयार करण्याचा भार कोणी वाहावयाचा, हे लिलावाच्या मांडवात कोणी विचारीत नाही.

गोंदिया जिल्ह्याकडे पाहावे. सालेकसा, देवरी, अर्जुनी-मोरगाव येथील आश्रमशाळांत मुले-मुली एकत्र राहतात, जेवतात, धावतात. अशी सोय व्हावी म्हणून परदेशांतील बडे क्लब मोठा पैसा ओतून वसतिगृहे चालवितात! रग्बीस लागते तरी काय? सपाट मैदान, लंबगोल चेंडू आणि अंग न मोडता पडावे कसे हे शिकविणारा जाणता मनुष्य. वाण आहे ती या मनुष्याची.

हे मनोराज्य नव्हे. भुवनेश्वरच्या कलिंग संस्थेतील आदिवासी मुलांनी २००७ साली लंडनमध्ये चौदा वर्षांखालील रग्बी स्पर्धा जिंकली. चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या विद्यार्थ्यांनी २०१८ च्या मे महिन्यात एव्हरेस्ट सर केले. गुणांची उणीव कोठेच नव्हती; कोणी तरी चिकाटीने शिकविले, एवढेच. एरवी शालेय स्पर्धेत चमकलेला मुलगा दहावीनंतर रोवणीला जातो, नाही तर दूर शहरी बांधकामावर, आणि निवडकर्त्यांच्या वहीत त्याचे नाव कधी चढतच नाही.

फुटबॉलच्या जागतिक संघटनेने यावर तोड काढलेली आहे. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशाच्या क्लबात गेला की मोबदल्याच्या पाच टक्के रक्कम, त्याला १२ ते २३ या वयात घडविणाऱ्या क्लबांत वाटली जाते. भारतीय रग्बी संघटनेने हाच न्याय लिलावास लावावा, आणि २०१४ पासून चाललेल्या प्रो कबड्डीनेही तो मानावा. हिस्सा शाळेच्या क्रीडाखात्यात थेट जमा व्हावा; मधल्या मंडळांच्या हाती पडल्यास त्याचे काय होईल, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

दुसरे असे की, निवड करावयाची तर निवडकर्त्यांनी देवरीस यावे. पोरांना भाडे खर्चून पुण्या-मुंबईस बोलावू नये. आणि अठरा वर्षांखालील मुलाशी करार करणाऱ्या संघाने, तो जायबंदी झाला तरी, त्याच्या बारावीपर्यंतच्या शिक्षणाचा व औषधोपचाराचा खर्च लेखी पत्करावा. ही अट ज्या मालकास जड वाटेल, त्यास मुलांच्या वसतिगृहात पाऊल टाकू देऊ नये.