दीर्घ इंग्रजी शब्दांचा विग्रह

बेंगळुरूच्या निम्हान्स या विख्यात संस्थेत मेंदूतील विद्युत्स्पंदनांची नोंद ज्या तपासणीने होते, तिचे 'इलेक्ट्रोएन्सेफलोग्राफी' हे नाव वाचताना येथील मराठी घरांतील विद्यार्थी बिचकतात आणि त्यांना बहुधा पाठांतराचाच हुकूम मिळतो, याचा मला मनापासून खेद वाटतो; कारण संधिविग्रहाचा आणि समासाचा वारसा लाभलेल्या मुलांना ते उकलणे मुळीच दुष्कर नाही. 'इलेक्ट्रो' म्हणजे विजेसंबंधीचे (मूळ ग्रीक शब्द तृणमण्याचा), 'एन्सेफलो' म्हणजे शिराच्या आत वसणारा तो मेंदू, आणि 'ग्राफी' म्हणजे लेखन, हा अर्थाचा विग्रह झाला. परंतु उच्चाराची सरहद्द निराळी असून, जिव्हेला हाच शब्द इ–लेक्–ट्रो–एन्–सेफ्–अ–लॉग्–र–फी असा नऊ अवयवांत हवा असतो, आघात 'लॉग्'वर पडतो आणि 'ग्राफी'तला 'ग' आपले घर सोडून शेजारच्या अवयवात जातो. ओळीअखेर शब्द तोडतानाही अमेरिकी कोश उच्चाराला, तर ब्रिटिश मुद्रणपरंपरा व्युत्पत्तीला अधिक मान देत आली आहे. शिक्षकांनी आधी अर्थाचा विग्रह करून दाखवावा आणि मगच उच्चाराचा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.